केंद्राच्या अनुदानाचा हिशोब: आदिवासी भागातल्या महाविद्यालयांनी आक्षेप कुठे आणि कसे टाळावेत

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री किंवा चोपडा-यावलच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयात केंद्राच्या अनुदानाचं पत्र आलं, की पहिली बैठक खरेदीची होते. ती आठवडाभर पुढे ढकला आणि आधी मंजुरीपत्र अटींसकट वाचा. उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) परत येणं, वसुली निघणं, पुढचा हप्ता अडकणं यामागे दरवेळी अपहार नसतो. पुष्कळदा खर्च खराच झालेला असतो, पण चुकीच्या शीर्षाखाली किंवा चुकीच्या तारखेला.

मंजुरीपत्रातलं लेखाशीर्ष, म्हणजे रक्कम कोणत्या खर्चासाठी आहे ते सांगणारा सांकेतिक क्रमांक, पेन्सिलीने अधोरेखित करा. शेवटी ३१ असेल तर रक्कम सर्वसाधारण खर्चाची, ३५ असेल तर मत्ता (इमारत, यंत्रं अशी टिकाऊ मालमत्ता) उभारण्याची, ३६ असेल तर वेतनाची. ३५ च्या रकमेतून तासिका मानधन देता येत नाही आणि ३१ मधून संगणक घेतला तर प्रश्न येणारच. मध्ये ७९६ दिसलं, तर ती रक्कम आदिवासी क्षेत्र उपयोजनेची आहे. तिचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो आणि लाभार्थी अनुसूचित जमातीचेच दाखवावे लागतात. आपल्याकडे वर्गातले बहुतेक विद्यार्थी आदिवासीच असतात, म्हणून वेगळी यादी कशाला, असं कार्यालयाला वाटतं. पण तपासणीला ‘बहुतेक’ चालत नाही. नाव, वर्ग, जात प्रमाणपत्राचा क्रमांक आणि सही, एवढी यादी प्रत्येक उपक्रमाला जोडा.

एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायची असेल तर लेखी परवानगी खर्चाआधी हवी. नंतर घेतलेल्या ठरावाने ती उणीव भरत नाही.

फाइल आर्थिक वर्षाची न करता मंजुरीपत्राची करा. एका पत्राला एक फाइल, आणि कागद घडले त्याच क्रमाने: मंजुरीपत्र, खरेदी समितीचा ठराव, विभागाचं मागणीपत्र, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, चलान, बिल, साठा नोंदवहीचं पान, व्हाउचर, बँक व्यवहाराचा क्रमांक. तारखा याच क्रमाने पुढे सरकल्या पाहिजेत. पुरवठा आदेश १२ तारखेचा आणि बिल १० तारखेचं असेल, तर तपासणी तिथेच थांबते. पुरवठादाराला आदेश हातात मिळेपर्यंत माल उतरवून घेऊ नका, ओळखीचा असला तरी.

खरेदीतल्या दोन चुका सगळ्यांत महाग पडतात. पहिली तुकडे पाडण्याची. प्रयोगशाळेचं साहित्य एकाच महिन्यात, एकाच दुकानातून, चार छोट्या बिलांवर घेतलं की निविदा टाळली असाच अर्थ निघतो. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५७ नेमका यासाठी आहे. म्हणून सगळ्या विभागांच्या मागण्या एकत्र करा आणि वर्षाची एकच खरेदी यादी मंजूर करून घ्या. दुसरी चूक नावापुरत्या दरपत्रकांची. तिन्ही कागदांवर शुद्धलेखनाची तीच चूक, तोच मोबाइल क्रमांक. हे कोणाच्याही नजरेत येतं. दरपत्रक कुठल्या पद्धतीने आणि किती रकमेपर्यंत चालतं, या मर्यादा बदलत राहतात. खरेदीच्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक काढून फाइलला लावा. जीईएमवरून (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) खरेदीची अट असेल, तर पोर्टलवर वस्तू मिळाली नाही याचा पुरावाही त्याच दिवशी छापून ठेवा.

साठ्याच्या नोंदीकडे फार दुर्लक्ष होतं. टिकाऊ वस्तू याच वित्तीय नियमांतल्या नमुना २२ मध्ये, संपणाऱ्या वस्तू नमुना २३ मध्ये. प्रत्येक टेबलावर, पंख्यावर, संगणकावर योजनेचं नाव आणि नोंद क्रमांक रंगवा. वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करा, पण ज्याच्या ताब्यात वस्तू आहेत त्याच्याकडून एकट्याने नको. अनुदानातून घेतलेली वस्तू मोडीत काढायची किंवा संस्थेच्या दुसऱ्या शाखेला द्यायची, तर अनुदान देणाऱ्याची मान्यता आधी लागते.

व्याजाचं काय? याच वित्तीय नियमांतल्या नियम २३० प्रमाणे अनुदानावरचं व्याज महाविद्यालयाचं नसतं. हिशोब अंतिम झाल्यावर ते केंद्राच्या संचित निधीत भरायचं, पुढच्या हप्त्यात वळतं करायचं नाही. राज्यामार्फत येणाऱ्या योजनेत ते कसं आणि कुठे भरायचं हे राज्याच्या नोडल यंत्रणेकडून (ती योजना राज्यात सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून) लेखी घ्या. अनुदान संस्थेच्या इतर पैशांत मिसळलं, तर त्यावरचं व्याज वेगळं काढता काढता लेखापालाचा महिना जातो.

बांधकामाचं गणित पावसाशी जुळवा. चांदसैली घाटात दरड आली की धडगावकडची वाहतूक थांबते. जून ते सप्टेंबर काम रेंगाळणार हे धरूनच वेळापत्रक द्या आणि मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी पाठवा. बांधकाम यंत्रणेला दिलेला आगाऊ पैसा म्हणजे खर्च नव्हे. मेजमापवहीत (झालेल्या बांधकामाची मोजमापं लिहायची वही) नोंद झालेलं आणि बिल पास झालेलं कामच खर्चात धरा.

उपचारात्मक वर्गांची (अभ्यासात मागे पडलेल्यांसाठीच्या जादा तासांची) हजेरी आम्ही फार गांभीर्याने घ्यायला सांगतो. काठी गावच्या मोठ्या आदिवासी होळीच्या दिवसांत अक्कलकुव्याच्या वर्गात शंभर टक्के हजेरी दाखवली, तर या भागाची माहिती असलेला कोणीही ती मानणार नाही. त्या दिवसांत वर्ग ठेवूच नका. ऊसतोडीला घरच्यांबरोबर गुजरातकडे गेलेल्या मुलांना गैरहजरच लिहा. मानधनाचं बिल हजेरीपत्रकाच्या तारखांशी आणि त्या प्राध्यापकाच्या नेहमीच्या तासिकांशी ताडून मगच पास करा.

शिष्यवृत्तीत घोळ नावांचा. ‘पावरा’चं ‘पवार’ होतं, ‘वसावे’चं ‘वसावा’ होतं. प्रवेशाच्या खिडकीवरच शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जात प्रमाणपत्र आणि पासबुक शेजारी ठेवून नावं ताडा. आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. विद्यार्थ्याला आठवतही नसलेलं जुनं खातं जोडलेलं निघालं, तर ‘महाविद्यालयाने पैसे दिले नाहीत’ अशी तक्रार येते. अर्ज पुढे पाठवण्याआधी बँकेतून जोडणीची खात्री करून घ्या.

उपयोगिता प्रमाणपत्र त्याच नियमांतल्या नमुना १२-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यायचं असतं. इतकं थांबू नका. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समन्वयक आणि लेखापालाने अर्धा तास बसून रोकडवही, बँक आणि पीएफएमएस (सरकारी निधीचा हिशोब ठेवणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली) यांची शिल्लक जुळवावी. सनदी लेखापालाच्या ताळेबंदातला आकडा आणि प्रमाणपत्रातला आकडा रुपयापर्यंत सारखा हवा.

लेखापरीक्षकाचं अर्धसमास ज्ञापन (तपासणी चालू असताना दिलेली लेखी विचारणा) हातात आलं, तर तोंडी समजावत बसू नका. पथक असेपर्यंत कागदासह लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. कागद खरंच नसेल तर तसं लिहा. मागची तारीख टाकून नवा कागद करणं म्हणजे साध्या आक्षेपाचं फौजदारी प्रकरण करणं.

प्राचार्य किंवा समन्वयक निवृत्त होत असतील, तर प्रभार यादीत चालू मंजुरीपत्रं, अखर्चित शिल्लक, न भरलेलं व्याज आणि प्रलंबित आक्षेप लिहून घ्या. डिजिटल सही आणि पीएफएमएसवरचे अधिकार त्याच दिवशी बदलण्यासाठी पत्र द्या.