दवणा: चैत्र पौर्णिमेपासून उलटं मोजा, मग बी भिजवा

दसऱ्यानंतर दवण्याच्या, म्हणजे देवाला वाहायच्या त्या सुवासिक झाडाच्या, बियांची चौकशी सुरू होते. दिवाळीत बी टाकायचं आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला माल न्यायचा, असा अनेकांचा हिशेब असतो. येत्या हंगामात तो चुकेल. २०२६ साली चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला होती. अधिक ज्येष्ठ येऊन गेल्याने २०२७ मध्ये ती २० एप्रिलला आहे. दवणा पेरणीपासून चार महिन्यांच्या आसपास पूर्ण फुलतो. दिवाळीत, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या सुमारास टाकलेलं पीक मार्चमध्येच फुलून जाईल आणि यात्रेला हाती वाळक्या काड्या उरतील.

देवाला आणि हारात लागतो तो हिरवा, कळीतला दवणा. त्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून २० तारखेपर्यंत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत बी टाका. एकाच दिवशी सगळं बी टाकणं म्हणजे जुगार. थंडी लांबली की फुलोराही मागे सरकतो. तेलासाठी लावणाऱ्यांनी मात्र यात्रेकडे बघू नये. त्यांची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकलेली बरी, आणि कापणी पूर्ण फुलोऱ्यात. पण तेलाला गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. हेक्टरी बारा टन ओला पाला निघाला तरी तेल जेमतेम दहा-बारा किलो मिळतं.

आता बियांचं. दवण्याचं बी धुळीसारखं बारीक, आणि त्याची उगवणशक्ती फार लवकर जाते. गेल्या चैत्र-वैशाखातलं ताजं बीच घ्या. डब्यात उरलेलं दोन वर्षांपूर्वीचं बी फुकट मिळालं तरी महागच पडतं. शंका असेल तर चिमूटभर बी ओल्या फडक्यावर टाकून आठवडाभर आधी उगवण बघा.

हेक्टरी दीड किलो बी पुरतं. ते फडक्यात सैल बांधून ४८ तास ओलं ठेवा. मग बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, सारखं विस्कटा. नुसतं बी हातातून सारखं पडत नाही, एकीकडे दाटी होते आणि दुसरीकडे टक्कल. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला दहा किलो कुजलेलं शेणखत आधी मिसळलेलं असावं. वरून चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्या. बोटभर माती ओढली तर बी वर येतच नाही. पाणी झारीनेच, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. पाटाने पाणी सोडलं की सगळं बी वाफ्याच्या कोपऱ्यात गोळा होतं. भिजवलेलं बी तीन-चार दिवसांत उगवतं. त्यानंतर पाण्याचा हात आखडता घ्या, कारण दाट, सतत ओल्या वाफ्यात रोपं बुडातून कुजून आडवी पडतात.

अमेरिकेत नेवाडा, आयडाहोच्या कोरड्या माळावर दवण्याचं एक झुडपी भावंड वाढतं, सेजब्रश. वणव्यात जळालेल्या माळावर तिथे त्याचं बी पुन्हा पेरतात, काही वेळा थेट विमानातून. त्याचंही बी असंच बारीक, ताजं हवं असलेलं आणि खोल गाडलं की वाया जाणारं. फरक एवढाच की ते झुडूप बरीच वर्षं टिकतं. आपला दवणा एका हंगामाचा.

सहा आठवड्यांच्या सुमाराला रोपं वीतभर होण्याआधीच १५ बाय ७.५ सेंटिमीटर अंतरावर रानात लावा. आदल्या दिवशी वाफा भिजवा आणि लावणी उन्हं कलल्यावर करा. डिसेंबरात टाकलेल्या पिकाला मार्चचं ऊन लागणार, तेव्हा पाण्याच्या पाळ्या हलक्या पण जवळजवळ द्या. पाणी साचणारं रान असेल तर दवणा लावूच नका.

कापणीच्या वेळी दहा-वीस जोमदार झाडं बाजूला राखून ठेवा. बी पिकलं की सकाळच्या दवातच कापा, नाहीतर झडून जातं. सावलीत वाळवून, पुडीवर साल लिहून कोरड्या जागी ठेवा.