वाचनचाचणीत मुलं अडकतात तेव्हा: निकष आणि गुण वाचताना या चुका टाळा

निकषांवर आधारित अध्यापन म्हणजे इयत्तेगणिक मुलाला काय यायला हवं हे आधी ठरवायचं आणि शिकवणं त्या दिशेने न्यायचं. यात वावगं काही नाही. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. वर्षभर निकषांबरहुकूम शिकवलं, वर्कशीटवर मुलांना छान गुण पडले, तरी वाचनाच्या प्रमाणित चाचणीत निकाल जिथल्या तिथे. मग बैठक बसते, आणि ठरतं काय, तर आणखी वर्कशीट. ती छापायला टाकण्याआधी पुढच्या चुका आपल्याकडे होताहेत का, ते तपासून पाहा.

निकषालाच धडा समजणं

'उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना ओळखतो' हा निकष. म्हणून दोन आठवडे मध्यवर्ती कल्पना, पुढचे दोन आठवडे अनुमान, त्यानंतर लेखकाचा हेतू. उतारे कशावरचेही: आज पेंग्विन, उद्या छपाईयंत्र, परवा ज्वालामुखी. मध्यवर्ती कल्पना ओळखणं ही सायकल चालवण्यासारखी एकदा आली की कुठल्याही रस्त्यावर चालणारी कला आहे, असं यात गृहीत धरलेलं असतं. तसं नाही.

अमेरिकेत रेख्त आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्यातल्या एका खेळीचं वर्णन वाचायला दिलं. मुलांचे गट दोन गोष्टींवरून पाडले होते: वाचन चांगलं की कच्चं, आणि बेसबॉलची माहिती भरपूर की जेमतेम. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळाची गंधवार्ता नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. उतारा समजण्यात विषयाच्या माहितीचा वाटा किती मोठा असतो, ते यावरून दिसतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी विषय आणि चांगला मजकूर निवडा, त्याच विषयावर दोन-तीन आठवडे राहा, गोष्ट, माहितीपर लेख, एखादं पत्र असं वाचा आणि निकष प्रश्नांच्या रूपाने त्यात आणा. ज्वालामुखीवरचा चौथा लेख वाचताना मध्यवर्ती कल्पना शोधायला सांगितली, तर मुलाजवळ तिचा विचार करायला काहीतरी असतं. निकषांच्या तक्त्यात शिकवायचा आशय लिहिलेला नसतो. तो आपण भरायचा असतो.

एक गुण म्हणजे एकच अडचण असं मानणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समजा, उताऱ्यात वाक्य आहे: 'धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या वस्त्यांना इशारा देण्यात आला.' प्रश्न: इशारा का दिला? एका मुलाने लिहिलं, 'दरवाजे उघडणार होते म्हणून.' दुसऱ्याने काहीच लिहिलं नाही. दोघांनाही शून्य, दोघंही 'आकलनात मागे', दोघांनाही तोच जादा तास.

आता दोघांना तेच वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. पहिला घडाघडा वाचतो. पण दरवाजे उघडले की पाणी कुठे जातं, याची त्याला कल्पनाच नाही. दुसरा 'उघडण्यापूर्वी'च्या जोडाक्षरांवर अडखळतो, रफार सोडून देतो, 'वस्त्यांना'चं 'वस्तूंना' करतो आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. हेच वाक्य त्याला वाचून दाखवलं, तर पटकन म्हणेल, 'पाणी येईल ना मग!'

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिहिलेला शब्द वाचता येणं गुणिले बोललेली भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

तेव्हा कमी गुण मिळालेल्या मुलाचं निदान असं करा. तसाच एक नवा उतारा त्याला मोठ्याने वाचू द्या आणि चुका जशाच्या तशा टिपा. नंतर दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं येतात, वाचून येत नाहीत, तर काम अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं आणि सराव यांवर आहे. ऐकूनही येत नसतील तर शब्दसंपत्ती, वाक्यरचना आणि माहिती यांवर. दोन्हीकडे अडचण असेल तर दोन्ही कामं एकदम सुरू करा, एक संपायची वाट बघू नका. अनुमानाची वर्कशीट यातल्या कशावरही उपाय नाही.

निकषवार गुणांवर भरवसा ठेवणं

निकालपत्रात 'अनुमान: ५० टक्के' असं छापलेलं असतं. त्यामागे प्रश्न किती, ते बघा. पुष्कळदा तीन किंवा चार. चार प्रश्नांत एका बहुपर्यायी प्रश्नाचा अंदाज बरोबर लागला, की ५०चे ७५ होतात. एवढ्याशा आधारावर मुलांचे गट पाडू नयेत. शिवाय ते चारही प्रश्न एकाच अवघड उताऱ्यावरचे असतील, तर मोजला गेला तो उतारा, अनुमान नव्हे.

घड्याळ लावून वेग वाढवणं

मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, हे मोजणं उपयोगी आहे, कारण शब्द सहज वाचता येऊ लागले की वेग आपसूक वाढतो. वेगाचंच ध्येय केलं की मुलं विरामचिन्हं गिळून शर्यत लावतात. एवढंच.

रेषेवरच्या मुलांमागे लागणं

अमेरिकेत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर जानेवारी २००२ मध्ये सही झाली. त्यात ठरलं: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, आणि २०१३-१४ पर्यंत सगळी, म्हणजे १०० टक्के मुलं प्रवीण. प्रवीण कोणाला म्हणायचं, ते मात्र प्रत्येक राज्याने ठरवायचं. शाळेचं भवितव्य प्रवीणतेची रेषा ओलांडणाऱ्यांच्या टक्केवारीवर टांगलेलं असेल, तर शिक्षक कोणाकडे बघणार? शिकागोतल्या निकालांचा नील आणि शान्झेनबाख यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये आला. रेषेच्या आसपासची मुलं वर सरकली होती, तळातली मुलं तिथेच राहिली होती.

इंग्लंडचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. तिथे २०१२ पासून पहिल्या वर्गातल्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात. २० खरे, २० बनावट, म्हणजे पाठांतराची सोय नाही. चाचणी ओळखीचे शिक्षकच घेतात. पहिली दोन वर्षं ३२ ही उत्तीर्णतेची रेषा आधीच जाहीर होती, आणि निकालाच्या आलेखात ३१ वर मोजकी मुलं, तर ३२ वर एकदम उंच सुळका. २०१४ पासून रेषा चाचणीनंतर सांगू लागले. मी त्या शिक्षकांना लबाड म्हणणार नाही. समोरचं मूल ३१ वर असताना 'हा उच्चार चालेल का' या शंकेचा फायदा कोण देणार नाही?

तुमच्या शाळेत करता येण्यासारखं म्हणजे, उत्तीर्णांच्या टक्क्याशेजारी प्रत्येक मुलाची मागच्या वर्षीपासूनची वाटचाल मांडा. तळातली मुलं लगेच डोळ्यांत भरतात.

'प्रवीण नाही' म्हणजे 'वाचता येत नाही' असं समजणं

अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत, 'नेप'मध्ये, २०२२ साली चौथीची ३३ टक्के मुलं 'प्रवीण' किंवा त्याहून वरची ठरली. लगेच 'दोन-तृतीयांश मुलांना वाचताच येत नाही' अशी हाकाटी सुरू झाली. पण नेपची 'प्रवीण' पातळी इयत्तेच्या अपेक्षेपेक्षा मुद्दाम वर ठेवलेली आहे, हे ती चाचणी घेणारी संस्था स्वतःच सांगते. काळजी करायची तर 'मूलभूत' पातळीही न गाठलेल्या ३७ टक्क्यांची करावी. निकालाचा मथळा वाचताना पातळीचा अर्थ काढून बघा, नाहीतर चुकीच्या मुलांवर चुकीचा उपाय होतो.

चाचण्या मोडीत काढणं

उलट टोकाची चूकही तितकीच खरी. त्याच २००२च्या कायद्याने गरीब, अपंग आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे निकाल वेगवेगळे जाहीर करणं बंधनकारक केलं. तोवर शाळेच्या चांगल्या सरासरीआड ही मुलं झाकली जाऊ शकत होती. शिक्षकाचा अंदाज मोलाचा असतो, पण शांत, नीटनेटक्या मुलाबाबत तो उदार होतो आणि दंगेखोराबाबत कंजूस.

मधली वाट शोधायची तर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. चाचणीतले उतारे मुलांनी वर्गात प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकांशी जोडून घ्यायला अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना २०१८ मध्ये परवानगी दिली. म्हणजे बेसबॉल माहीत असणाऱ्याला फुकटचा फायदा नको, निदान सगळ्यांना तोच खेळ आधी दाखवलेला हवा.

राहता राहिली परीक्षेची तयारी. उत्तरपत्रिका कशी भरायची, वेळ किती, प्रश्न कसे येतात, हे मुलांना ठाऊक हवं. त्याला दोन-तीन तास पुरतात. शेवटचे दोन महिने जुन्या प्रश्नपत्रिकांत घालवणाऱ्या शाळा नेमका तोच वेळ खातात, ज्यात चार नवी पुस्तकं वाचून झाली असती.