खुबा निखळवायच्या आधी माप घ्या

खुबा बदलण्याच्या ऑपरेशनआधी (हिप रिप्लेसमेंट) संमतीपत्र, रक्त, अँटिबायोटिक, बाजूची खूण हे तुम्ही करताच. सांगायचं ते दुसरंच: खुब्याचा सांधा निखळवण्याआधी माप घेतलं नाही, तर नंतर पायाची लांबी नुसत्या अंदाजाने ठरते. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं.

सुरुवात ओपीडीत. रुग्णाला झोपवून टेप लावा. एएसआयएसपासून (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) आतल्या घोट्यापर्यंत खरी लांबी, बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत भासणारी लांबी. दुखरा पाय आत ओढला गेलेला असेल तर चांगला पायही तेवढाच आत घेऊन मोजा, नाहीतर आकडा खोटा येतो. मग उभं करून आखूड पायाखाली 5 आणि 10 मिलिमीटरचे लाकडी ठोकळे सरकवत जा, रुग्ण ‘आता सारखं वाटतं’ म्हणेपर्यंत. टेपपेक्षा हा आकडा मोलाचा. कंबरेचा मणका वाकडा आणि ताठ असेल तर पेल्व्हिस (कमरेचं हाडांचं कडं) तिरकाच राहतो, आणि एक्स-रेवर पाय जुळले तरी रुग्णाला ते जुळलेले वाटत नाहीत. हे त्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते. नडगीचं जुनं फ्रॅक्चर आहे का, तेही विचारा.

एक्स-रे दोन्ही पाय 15 अंश आत वळवून, मापासाठी 25 मिलिमीटरचा धातूचा गोळा ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाचा बाहेरचा मोठा उंचवटा) पातळीवर धरून. गोळा टेबलावर ठेवून दिला तर तो हाडाच्या मानाने लहान दिसतो आणि तुम्ही गरजेपेक्षा मोठे कप (खोबणीत बसणारी वाटी) आणि स्टेम (मांडीच्या हाडात जाणारा दांडा) ठरवून बसता. पाय बाहेर वळलेला राहिला तर ऑफसेट (सांध्याच्या केंद्रापासून मांडीच्या हाडाच्या मध्यरेषेपर्यंतचं आडवं अंतर) खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. खुबा वळतच नसेल तर चांगल्या बाजूवर टेम्प्लेट करा (एक्स-रेवर इम्प्लांटचा आराखडा ठेवून मापं ठरवा). दोन्ही टिअरड्रॉपची (एक्स-रेवर खोबणीच्या तळाशी दिसणारी थेंबासारखी आकृती) खालची टोकं जोडणारी रेघ मारा, तिच्यापासून दोन्ही लेसर ट्रोकँटरचं (मांडीच्या हाडाचा आतला लहान उंचवटा) अंतर घ्या. नेक (मांडीच्या हाडाची मान) लेसर ट्रोकँटरच्या किती मिलिमीटर वर कापायचा, तो आकडा ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर हवा, डोक्यात नको.

हाय ऑफसेट स्टेम आलाय का, ते आदल्या दिवशी बघा. ट्रायलमध्ये (तात्पुरते भाग बसवून पाहताना) सांधा सैल लागला की हात आपोआप लांब हेडकडे (स्टेमवर बसणारा गोळा) जातो, आणि पाय लांब होतो तो इथेच. नेकचा कोन 135 अंश असेल तर अधिक 4 मिलिमीटरचं हेड लांबी जवळजवळ 3 मिलिमीटर वाढवतं, ऑफसेटही तेवढाच. हाय ऑफसेट स्टेम मांडी बाहेर सरकवून स्नायू ताणतो, पाय लांब न करता. आणि त्याही आधी कपची दिशा तपासा. कप चुकीचा बसलाय म्हणून सांधा निसटत असेल तर लांबी वाढवून तो आवरणार नाही. स्पायनल भुलीखाली स्नायू ढिले असतात, त्यामुळे पाय ओढून पाहण्याच्या चाचणीवर फार विसंबू नका.

कुशीवर झोपवताना पुढचे-मागचे आधार घट्ट करा, पेल्व्हिस कलंडतो. पाठीवर असेल तर टाचा चाचपता येतात, सी-आर्मही (ऑपरेशन चालू असताना पाहायचा एक्स-रे) सोपा जातो.

आता पुन्हा तेच. चीर दिली, कॅप्सूल (सांध्याचं आवरण) दिसलं, थांबा. ॲसिटॅब्युलमच्या (खुब्याची खोबण) वर इलियममध्ये (कमरेचं हाड) स्टाइनमन पिन (धातूची जाड पिन), ग्रेटर ट्रोकँटरवर कॉटरीची (विजेची डागणी) खूण, दोहोंतलं अंतर कॅलिपरने. आकडा मोठ्याने सांगा, फळ्यावर लिहा. गुडघा किती वाकलेला, मांड्यांमध्ये कोणती उशी, हेही लिहा, कारण दुसरं माप पाय हुबेहूब तसाच ठेवून घ्यायचंय. पाय 5-10 अंश आत-बाहेर झाला तरी मापात कित्येक मिलिमीटरची चूक शिरते. पिन वाकली किंवा हलली तर तिचा आकडा विसरा. स्क्रब सिस्टरना बजावून ठेवा: फळ्यावर आकडा दिसेपर्यंत बोन हूक (सांधा निखळवायचं अवजार) द्यायचा नाही. घाई असली तरी नाही. सांधा एकदा निखळला की हे माप परत मिळत नाही.

विनासिमेंट स्टेम ब्रोचपेक्षा (हाडात जागा करणारी कानस) 2-3 मिलिमीटर वर अडकू शकतो, म्हणून खरा स्टेम बसल्यावर हेडची ट्रायल परत. मग पिन काढा. विसरली तर आतच राहते.

भूल उतरल्यावर पाऊल वर उचलायला लावा. उचलत नसेल तर गुडघा वाकवून ठेवा, बँडेज सैल करा, वरिष्ठांना बोलवा.

पहिले काही आठवडे पाय लांब वाटतो, स्नायू आखडलेले असतात. चपलेला उंची लगेच देऊ नका, 3 ते 6 महिने थांबा. 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना चालून जातो. उंची द्यावीच लागली तर आपल्याकडे घरात माणूस अनवाणी असतो, तेव्हा घरात वापरायची वेगळी चप्पलही लिहून द्या.