बायपास पाइप बदलला, कूलंट उतरणं थांबलं

गाडीच्या कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरायची, पण गाडीखाली थेंब नाही. इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) टॉर्च मारली तर बायपास पाइपच्या टोकाशी वाळलेल्या कूलंटची खपली! थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना कूलंट याच पाइपातून इंजिनात फिरतं. आधीच्या मालकाने नळाचं पाणी भरलेलं, त्यामुळे लोखंडी पाइप आतून गंजलेला.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडून कूलंट काढलं. पाइप निघाला लगेच. वेळ खाल्ला तो त्याच्या बैठकीने, म्हणजे पाइपचं टोक बसतं त्या जागेने; तिथला गंज घासून काढला नाही तर नवी ओ-रिंगही (सांधा बंद करणारं रबरी कडं) गळणारच. ओ-रिंगला साधं ग्रीस नको, रबर फुगू शकतं. मी कूलंटचंच बोट फिरवलं. (एम-सील थापून देणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.) मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं आणि हीटर फुल ठेवून कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा काढली.