हृदयाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

माझ्या काकांना तीन महिने कोरडा खोकला होता. उशीला डोकं टेकलं की ढास सुरू. दोन सिरपं संपली, वाफारे झाले, एक्स-रेही स्वच्छ आला. मग एका डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी कधी बदलली?" रामिप्रिल सुरू होऊन तीनच महिने झाले होते.

रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या एक एन्झाइम अडवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन कमी बनतं आणि बीपी उतरतं. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो साचला की खोकला चाळवतो, आणि त्यावर कुठलंही सिरप चालत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात. खोकला पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

बीपीच्याच अॅम्लोडिपिन या गोळीचंही असंच होतं. संध्याकाळी मोजा काढल्यावर सुजलेल्या घोट्यावर त्याचा खोल वळ दिसतो आणि घरातलं कुणीतरी जास्त लघवी होणारी गोळी सुचवतं. अॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, म्हणून पाणी बाहेर पाझरतं. अंगात पाणी वाढलेलंच नसतं, मग लघवीतून काढणार काय? डोस कमी करून किंवा गोळी बदलून फरक पडतो. सुजेबरोबर दम लागत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी "थकवा येतो" म्हणून एका दिवसात बंद करणं. ही गोळी अॅड्रेनॅलिनला हृदयावर काम करू देत नाही. शरीर मग ते झेलणारी केंद्रं वाढवून ठेवतं. गोळी अचानक काढली की तेच अॅड्रेनॅलिन दुप्पट जोमाने आदळतं. नाडी धावते, छातीत दुखतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. बंद करायचीच झाली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: साखर उतरल्यावर होणारी धडधड ही गोळी झाकून टाकते, घाम मात्र येतोच.

अॅस्पिरिनवाल्यांनी गुडघेदुखीसाठी आपल्या मनाने आयब्युप्रोफेन घेऊ नये. ते अॅस्पिरिनच्या आधी पोटात गेलं तर प्लेटलेटवरची, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींवरची, अॅस्पिरिनची जागा अडवून बसतं. शिवाय बीपी वाढतं आणि पोटात रक्तस्रावाचा धोकाही. शौचाला डांबरासारखी काळी होणं ही त्याचीच खूण. स्टेंट बसवला असेल, तर दात काढायचा म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी उभ्याने घेऊ नका. बीपी झपकन उतरतं आणि माणूस कोसळतो. ती गिळायचीही नसते, कारण यकृत बराचसा भाग वाटेतच संपवतं. मूळ काचेच्या बाटलीतून डबीत काढून ठेवली तर तिचा जोर जातो. घेतल्यावर डोकं ठणकलं तर घाबरू नका, रक्तवाहिन्या उघडल्याने तसं होतं. पाच मिनिटांत छातीतलं दुखणं थांबलं नाही, तर अॅम्ब्युलन्स बोलवा. आणि लैंगिक ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल, तर ही गोळी घेऊच नका. लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवली जाणारी गोष्ट नेमकी हीच असते.

राहिलं कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन. अंग दुखलं की खापर त्याच्यावर फुटतं. २०२० सालच्या सॅमसन चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने स्टॅटिन आणि काही महिने औषध नसलेली गोळी दिली. जवळपास ९० टक्के त्रास त्या पोकळ गोळीवरही झाला. तरी स्नायू खूप दुखून लघवी चहासारखी गडद झाली, तर तेव्हा गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.