फिश टँकमध्ये अमोनिया वाढला तर

मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, कल्ले लालभडक दिसताहेत? आधी खाणं बंद करा आणि लगेच निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं हवं. टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसेपर्यंत रोज २५ ते ५० टक्के बदलत राहा. एक-दोन दिवसांच्या उपासाने मोठ्या माशांना काही होत नाही. मात्र घाबरून फिल्टरचा स्पंज नळाखाली अजिबात धुऊ नका! अमोनिया संपवणारे जिवाणू त्या बुळबुळीत तपकिरी थरातच राहतात, क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो हलक्या हाताने पिळा. दगडाआड मेलेला मासा किंवा कुजकं पान अडकलंय का, तेही बघा.