बाळाची गोधडी: रंग निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

मुलगा झाला की फोन येतोच, "ताई, गोधडी शिवून द्या, निळी द्या." काहून निळीच, बाप्पा? बाळकृष्णाला आपण पिवळा पितांबर नेसवतोच ना! निळ्याशी माझं वैर नाही, पण फिका निळा, त्याहून फिका निळा आणि आकाशी असे तुकडे शेजारी जोडले की चार धुण्यांत सगळं एकच दिसतं. बाळालाही त्यातलं काही कळत नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, रंगांतले बारीक फरक कळायला चार-पाच महिने जातात, तोवर गडदाशेजारी फिकं असलं की त्याची नजर ठरते. म्हणून मी नेव्ही आणि पांढरा घेते, मधे हळदी पिवळा. काळा लावला की आज्या नाक मुरडतात आणि त्याच आज्या संक्रांतीला बोरन्हाणात नातवाला काळं झबलं घालून हलव्याचे दागिने चढवतात, पण मी वाद घालत नाही.

मागचं अस्तर मात्र फिकं, एकरंगी घ्या. मुंगी, ओल, सुटलेला दोरा लगेच दिसतो. प्रिंटेड अस्तरात काहीच दिसत नाही.

आता माझं डोकं उठवणारी चूक, कापड न धुता शिवणं. एका बाईंनी नागपूरच्या इतवारी बाजारातून मरून कॉटन आणि पांढरं मलमल आणलं, बारसं तोंडावर, म्हणे धुवायला वेळ नाही, तुम्ही अशीच शिवा. मी नाही म्हटलं तर दुसरीकडून शिवून घेतली. बारशात सगळ्यांनी कौतुक केलं, मग बाळानं जे करायचं ते केलं, गोधडी बादलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा पांढरे चौकोन गुलाबी झालेले! सासूबाई रुसल्या, ते जाऊ द्या, पण वरचं मलमल आटलं आणि आत घातलेलं जुनं लुगडं आधीच शंभरदा धुतलेलं, ते कशाला आटतंय? टाके ओढले गेले, कडा गोळा झाल्या. मग माझ्याकडं विचारणा, मिठाच्या पाण्यात घालू का? अहो, मीठ कापड रंगवताना कामाचं, शिवलेल्या गोधडीचा सुटलेला रंग त्यानं पक्का होत नाही. व्हिनेगरचंही तेच.

मी काय करते, तर प्रत्येक रंग वेगळ्या भांड्यात कोमट पाणी आणि थोडी साबण पावडर घालून भिजवते, मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून घासते. रुमालावर रंग आला की परत धुते, तरी येतच राहिला तर ते कापड बाळासाठी नाही, कितीही महाग असो. धुतल्यानं खळही निघते आणि सुई सरळ जाते. एवढा दम नसेल तर बाजारातून तयार दुपटं आणा, पण तेही आधी धुवा.

टिकल्या, आरसे, गोंडे, बटणं नकोतच, सगळं तोंडात जातं. सैल दोरे कापा, बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. सुया मोजून घ्या, मोजून ठेवा, शेवटी गोधडीवर लोहचुंबक फिरवा.

आणि हे ऐकायला कोणी तयार नसतं: पहिलं वर्ष झोपलेल्या बाळावर गोधडी घालायची नाही. एवढी मेहनत केली, मग काय शोकेसमध्ये ठेवायची का, असं मला तोंडावर म्हणतात. अहो, तोंडावर आलेली गोधडी त्या जिवाला बाजूला करता येत नाही, श्वास कोंडतो, अंग तापतं. जाड मऊ गोधडी खाली अंथरून त्यावरही झोपवू नका. सपाट, कडक गादी, घट्ट बसवलेली चादर, बाळ पाठीवर, बस. डिसेंबरातली नागपूरची थंडी असली तरी अंगात एक कपडा वाढवा, पायमोजे घाला, घरात झोपताना टोपी काढा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागं किंवा छातीला हात लावून पाहा. तिथं घाम असेल तर कपडा कमी करा. मे महिन्यात कूलरच्या हवेला घाबरून बाळाला गुंडाळून ठेवणाऱ्यांना तर काय म्हणावं! कूलर दुसरीकडं वळवा ना.

गोधडी बाळ जागं असताना वापरा, जमिनीवर टाकून पालथं खेळवा, मांडीवर घ्या, पण जवळ बसून.

ठेवताना डांबरगोळ्या नकोत. त्यातल्या नॅप्थलीननं जी६पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, आणि आपल्या बाळाला ती कमतरता आहे का हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. आधीच गोळ्यांत ठेवलेली असेल तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत टाका. उन्हात घालताना रंगीत बाजू आत करा, नवतप्यातलं, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतलं ऊन नेव्हीचा राखाडी करून टाकतं.